वाचून टाकून द्यायची ओळ

मास्तरांना पसारा अजिबात खपायचा नाही. घरात कोणी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर आलं तर ते अर्धा तास बोलायचे, आणि ऑफिसात कोणी वापरून झालेली मेमरी परत केली नाही तर दिवसभर. मास्तर हे काही त्यांचं नाव नव्हे. शाळेशी त्यांचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला होता. पण कंपनीत कर्नलच्या कामाला जो कोणी नवा येई, त्याला पहिले काही महिने त्यांच्या शेजारी बसवायची पद्धत होती, आणि तिथे तो शिकायचा कमी आणि बोलणी जास्त खायचा. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आता सगळ्या मजल्यांवर पसरली होती. चहाच्या मशीनपाशी मास्तर आले की ती आपसूक बाजूला सरकायची. मास्तरांना हे फार आवडायचं, फक्त तसं ते दाखवत नसत.

कंपनी सोनोग्राफीची यंत्रं बनवायची. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला तो मूळ प्रोग्राम, जो बाकी सगळ्यांना जागा वाटून देतो आणि भांडणं सोडवतो. मास्तरांचं खातं जागावाटपाचं. पोटावर फिरवायचा प्रोब जोडला की यंत्रातलं एक कार्ड भराभर चित्रं पाठवू लागतं. ती मेमरीत कुठे टाकायची त्याचा पत्ता कार्डाला द्यावा लागतो. यालाच मॅपिंग म्हणतात. कार्ड मोठं इमानी असतं. एकदा पत्ता मिळाला की ते तिथे माल टाकत राहतं, जागा अजून आपली आहे की नाही हे विचारत बसत नाही. म्हणून प्रोब काढताना आधी कार्डाला 'थांब' म्हणायचं, मग पत्ता रद्द करायचा आणि मगच ती जागा दुसऱ्याच्या हवाली करायची.

गोम अशी की 'थांब' हा हुकूम लिहिल्याबरोबर पोहोचत नाही. तो वाटेत रेंगाळतो. लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि तिकडे कार्डाचं माल टाकणं चालूच असतं. यावर उपाय अगदी साधा आहे. हुकूम लिहिला की लगेच कार्डाला काहीतरी विचारायचं, म्हणजे त्याच्याकडून काहीतरी वाचायचं. काहीही चालतं. प्रश्नही त्याच वाटेने जातो आणि हुकमाला मागे टाकून पुढे जाऊ शकत नाही. तेव्हा उत्तर आलं की हुकूमही पोहोचला असं समजायचं, आणि ते उत्तर न बघता टाकून द्यायचं.

हे शिकवताना मास्तरांचं एक ठरलेलं प्रवचन असे. "मुलगी प्रवासाला गेली की आई फोन करून विचारते, पोहोचलीस का. उत्तर काय येणार? हो. त्या 'हो'मध्ये नवीन काय आहे? काही नाही. पण ते येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसतो. उत्तरात काही नसतं रे बाबा, उत्तर येण्यात सगळं असतं." मग चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "आणि उत्तर आलंच नाही तर? उत्तराच्या जागी नुसता एक, एक, एक असा भरणा आला तर काय समजायचं?" नव्या माणसाला ते येत नसे. मग मास्तर सावकाश सांगायचे, "समजायचं की त्या टोकाला आता कोणी नाही. कार्ड गेलं. आपण भिंतीशी बोलतोय."

धाकटी याच प्रवचनातून तयार झालेली. आली तेव्हा खात्यात वयाने सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. आता तिला स्वतःचं शाळेत जाणारं पोर होतं, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. मास्तरांना उलट विचारायची हिंमत फक्त तिच्यात होती, आणि त्यांच्या मनात तिच्यासाठी एक मऊ कोपरा होता. प्रोबचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा कर्नलचा भाग, तिने एकटीने लिहिला होता. त्यात मास्तरांनी एकदाही खोट काढली नव्हती. त्यांच्या दरबारात ही शाबासकीच होती.

मग नवे साहेब आले. वयाने मास्तरांच्या पुतण्याएवढे, बोलायला गोड. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले की कर्नल फार जड झालंय, काही लोकांना जुन्या गोष्टी सोडवत नाहीत. कोणाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मास्तरांना ते वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी झाडू हातात घेतला. ज्याचा त्याचा कोड उघडायचा, नको ते छाटायचं आणि दुपारी मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवायचं. साहेब खूश. आणि साहेब खूश आहेत हे पाहून मास्तरही, या वयात, खूश.

असं छाटता छाटता ते धाकटीच्या ड्रायव्हरपाशी आले. त्या दिवशी ती रजेवर होती, पोराला ताप होता. प्रोब काढतानाच्या भागात एक ओळ होती. कार्डाला काहीतरी विचारायची आणि उत्तर कुठेच न ठेवायची. वर टीप नाही, काही नाही. मास्तरांनी ती पडद्यावर मोठी केली. "हे बघा," ते म्हणाले, "बाजारभर हिंडून भाव विचारायचे आणि रिकाम्या पिशवीने घरी यायचं." खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने साहेब हसले. त्या हशातच मास्तरांनी ओळ पुसली.

जी गोष्ट त्यांनी इतक्या जणांना घोकून घेतली, ती समोर आली तेव्हा त्यांना ओळखता आली नाही. त्यांचं लक्ष पडद्यावर कमी आणि साहेबांच्या चेहऱ्यावर जास्त होतं.

संध्याकाळी धाकटीचा मेसेज आला. 'मास्तर, ती वाचायची ओळ का काढलीत? नको होती का? एकदा बोलूया?' मास्तरांनी तो वाचला. हशा अजून कानात होता. आली लगेच बाजू मांडायला, असं मनाशी म्हणून त्यांनी फोन पालथा ठेवला. उद्या बघू म्हटलं, उद्या बैठका होत्या. परवा तो विषय काढणं त्यांना जरा अवघड वाटलं. नंतर तीही काही बोलली नाही, म्हणून यांनीही सोडून दिलं.

पुढे यंत्राची नवी तुकडी एका दवाखान्यात चाचणीसाठी गेली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांनी एका बाईंची तपासणी करून प्रोब बदलला आणि पुढच्या आजोबांचं यकृत बघायला घेतलं, तर आजोबांच्या चित्रात मधोमध एक पांढरट, गोलसर पट्टी. बाळाच्या कवटीची. "आजोबांकडे गोड बातमी आहे," बाई फोनवर म्हणाल्या. इकडे सगळे हसले. मग बाई म्हणाल्या, "आज ते कवटी होती म्हणून मला कळलं. उद्या एकाची गाठ दुसऱ्याच्या पोटात दिसली तर मी काय करू?" त्यानंतर कोणी हसलं नाही. यंत्रं बाहेर पाठवणं त्याच दिवशी थांबलं.

ड्रायव्हर धाकटीचा, म्हणजे चूक धाकटीची, असं बैठकीत सगळ्यांनी न बोलता धरून टाकलं. साहेब एवढंच म्हणाले की घरच्या धावपळीत तिचं लक्ष लागत नसावं, तिला थोडं हलकं काम देऊ. हलकं काम म्हणजे खालच्या मजल्यावर यंत्राच्या माहितीपुस्तिका लिहायचं. तिथे गेलेलं माणूस कर्नलमध्ये परत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. धाकटीचा चेहरा उतरला. "मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली, "मी शोधून काढते." साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. आणि मास्तर, काही विचार न करता, बोलून गेले, "त्या ड्रायव्हरमध्ये पसारा होताच. मी मागेच म्हटलं होतं." शोधायचं काम मग मास्तरांकडे आलं. धाकटी टेबलाकडे बघत बसली. तिने मास्तरांकडे एकदा पाहिलं होतं, पण ते तेव्हा चष्मा पुसत होते.

चूक शोधण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोटाऐवजी जेलीच्या ठोकळ्यावर प्रोब ठेवायचा, काढायचा, दुसरा जोडायचा, पुन्हा काढायचा. कधी पट्टी येई, कधी न येई. कार्ड थांबलेलं नसताना जागा दुसऱ्याला दिली जाते आहे हे त्यांनी दुपारपर्यंत ताडलं. 'थांब' तर लिहिलेलं होतं. मग पोहोचल्याची खात्री करणारी ओळ कुठे आहे? तीच नव्हती. मास्तर चिडले. इतकं शिकवूनही ही पोरगी ती विसरली कशी? चांगला कान उपटायचा असं ठरवून त्यांनी त्या फाइलचा इतिहास उघडला.

ओळ होती, पहिल्या दिवसापासून. अमुक तारखेला काढली, आणि काढणाऱ्याच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव.

त्यांचे कान तापले. लहानपणी शेजारच्या घरी काच फोडून पळालेल्या पोराला वाटतं तसं त्यांना वाटलं. कोणी पाहतंय का, म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोणी पाहत नव्हतं. पलीकडे कोणी केळं खात होतं, खिडकीपाशी दोघं सुट्टीचे बेत करत होते. मास्तरांनी तो इतिहास पुन्हा वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर तिथे दुसरं कोणाचं नाव येणार होतं. रिकामी पिशवी आठवली, हशा आठवला. फोन काढून त्यांनी तिचा जुना मेसेज शोधला. 'नको होती का?' किती साधा प्रश्न होता. तेव्हाच 'थांब, बघतो' एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

त्यांनी ओळ परत घातली. तिच्यावर ठळक टीप लिहिली. पट्टी गेली ती गेली. मग बदलाचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा त्यांची बोटं थांबली आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'प्रोब काढतानाची त्रुटी दूर केली.' त्रुटी आली कुठून, हे त्या वाक्यात औषधालाही नव्हतं. उद्या बैठकीत तोंडानेच सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. असल्या गोष्टी लिहिण्यापेक्षा बोललेल्या बऱ्या.

बैठकीत साहेबांनी त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. "मास्तर ते मास्तर," ते म्हणाले. "आपण सगळे डोकं धरून बसलो होतो, यांनी एका दुपारीत शोधलं. टाळ्या." टाळ्या वाजल्या. मास्तर उठून उभे राहिले. आता सांगायचं होतं. 'ही ओळ मीच' एवढे तीन शब्द तयार होते. पण समोर हसरे चेहरे होते, आणि अंगावर आलेल्या टाळ्या झटकायला जे काही लागतं ते त्यांच्यात त्या घडीला नव्हतं. ते म्हणाले, "अहो, त्यात काय, सगळ्यांचंच काम आहे." या विनयावर आणखी टाळ्या पडल्या. धाकटीही टाळ्या वाजवत होती. या वेळी ती त्यांच्याकडे सरळ बघत होती, आणि हात सगळ्यांचे थांबल्यावरही तिची नजर थांबली नाही. मास्तर खाली बसले आणि पाणी प्यायले.

घरी बातमी आधीच पोहोचली होती. ऑफिसातल्या कोणाची तरी बायको त्यांच्या बायकोची मैत्रीण. "आज स्वारीच्या नावाने टाळ्या वाजल्या म्हणे," बायको ताट वाढताना म्हणाली. "घरी मात्र साधा नळ गळतोय तो तीन महिने सापडत नाही." मास्तर हसले नाहीत. ती थांबली. "काय झालं?"

त्यांनी सांगितलं. आधी कार्डाचं, मग ओळीचं, मग हशाचं, आणि टाळ्यांशी येईपर्यंत आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. धाकटी तिच्याही ओळखीची होती. धाकटीच्या बाळंतपणात ही तिच्या घरी दोन-चारदा डबा घेऊन गेली होती.

"म्हणजे पंखा तुम्ही चालू ठेवलात," ती म्हणाली, "आणि ओरडा तिने खाल्ला."

"हो."

"आणि तो बंद केल्याचं कौतुकही तुमचंच झालं."

"हो ना. लाज वाटते मला," मास्तर म्हणाले. "तोंड उघडलं होतं मी. नाही निघालं."

"मग उद्या पुन्हा उघडा," बायको म्हणाली आणि भात वाढायला उठली. एरवी दोनदा भात घेणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी ताटातलाही संपवला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू व्हायच्या आतच ते उभे राहिले, बसले तर पुन्हा उठवणार नाही या भीतीने. "ती ओळ धाकटीने बरोबर लिहिली होती," ते म्हणाले. "मी काढली. इथे, या पडद्यावर, तुम्हा सगळ्यांना हसवत काढली. तिने मला विचारलं, मी उत्तर दिलं नाही. तिच्या ड्रायव्हरमध्ये पसारा आहे असं म्हणालो, तो माझाच होता. आणि काल टाळ्या घेतल्या, त्याही माझ्या नव्हत्या." एवढं बोलून त्यांना घाम फुटला. आता काय ते ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. ऐकून घेतलं असतं तर बरंच वाटलं असतं.

पण साहेब हसले. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात मोठं मन. आपल्यापैकी किती जणांनी असं कबूल केलं असतं?" आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. मास्तर "नको, नको" म्हणत हात हलवत राहिले, तरी टाळ्या वाजल्याच. चुकीचंही कौतुक झालं होतं. तिथून पळून जावं असं त्यांना झालं.

धाकटी खोलीत नव्हती. तिची खुर्चीही नव्हती. "काल संध्याकाळीच ती खाली गेली," साहेब म्हणाले. "पण काही बिघडलं नाही. तिला यायचं असेल तर मी आजच परत घेतो. तुम्हीच विचारा तिला, तुमचं ऐकेल ती."

खालच्या मजल्यावर मास्तर कधी गेले नव्हते. छोटी खोली, भिंतीवर यंत्राची चित्रं, चित्रांवर बाण आणि आकडे. धाकटी एका कोपऱ्यात बसून टाइप करत होती. पडद्यावर प्रोब काढायच्या सूचना होत्या: आधी चित्र थांबवा, दिवा विझेपर्यंत थांबा, मग प्रोब काढा. टेबलावर तिच्या पोराने काढलेलं एक मांजर टाचणीने लावलं होतं. वरच्या मजल्यावर तिच्या टेबलावर होतं तेच. म्हणजे ती तिथे चार दिवसांसाठी आलेली नव्हती.

"बसा ना, मास्तर," ती म्हणाली.

मास्तर उभेच राहिले. सगळं पुन्हा सांगितलं, वर सांगितलं होतं त्याहून अडखळत. "माझं चुकलं," ते म्हणाले. "फार चुकलं. वर सगळ्यांसमोर सांगून आलोय. साहेब आजच परत घ्यायला तयार आहेत. चल."

धाकटीने ऐकून घेतलं. ती रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं, त्यांना राग चांगला समजायचा. पण ती रागावलेली दिसत नव्हती. "ओळ गेलेली मी त्याच दिवशी पाहिली होती," ती म्हणाली. "परत घालणार होते. पण म्हटलं, मास्तरांनी काढली म्हणजे काहीतरी असणार. नव्या कार्डाला लागत नसेल. म्हणून तुम्हाला विचारलं."

"हो. वाचला होता मी मेसेज."

"वाचलेला दिसला मला. मग बैठकीत तुमच्याकडे पाहिलं. मग टाळ्यांच्या वेळीसुद्धा." तिने मांजराची टाचणी दाबून बसवली. "पुस्तिकेचं काम काही मला आवडत नाही, मास्तर. कर्नल सोडताना रडू आलं मला. पण तुमच्या शेजारी बसून आता काम नाही होणार माझ्याच्याने."

"असं नको म्हणूस. पुन्हा कधी होणार नाही. तू विचारशील त्याचं उत्तर देईन मी."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. शिकायला बसायची तेव्हा पाहायची तसंच, मान किंचित तिरकी करून. "उत्तर आलंच नाही तर काय समजायचं," तिने हळू विचारलं, "ते तुम्हीच शिकवलंत ना मला?"

मास्तरांना ते पाठ होतं. इतकी वर्षं, इतक्या जणांना, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते ऐकवलं होतं. आता मात्र ते त्यांच्या तोंडून फुटेना. धाकटीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पुन्हा टाइप करायला घेतलं.